माझं वय २७, दोन्ही डोळ्यांना उणे ५ नंबर. दिवसभर संगणकासमोर काम असतं, चष्म्याचा वैताग आलाय. लेसर करून चष्मा घालवावा का?

दिवसभर संगणकासमोर काम, त्यात चष्म्याचा वैताग, हे तुम्ही लिहिलंय ते अगदी ओळखीचं आहे. मी तुमच्याच वयाची असताना, उणे साडेपाच नंबरावर, लेसर करून घेतलं. माझ्या धाकट्या बहिणीला मात्र डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. दोघींची इच्छा सारखीच होती, डोळे वेगळे निघाले.

लेसर कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या दर्शनी भागातल्या पारदर्शक काचेवर चालतं. तिची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते. एका नंबरामागे अंदाजे १२ ते १५ मायक्रॉन कमी होतात. लॅसिक या नेहमीच्या लेसर पद्धतीत आधी शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात, आणि त्याखाली किमान २५० मायक्रॉन उरावे लागतात. बरेच डॉक्टर ३०० धरतात. माझी जाडी ४९५. पापुद्र्याचे ११०, लेसरचे ८० वजा केले, उरले ३०५. बसत होतं, पण अगदी काठावर. म्हणून डॉक्टरांनी पीआरके ही दुसरी लेसर पद्धत सुचवली. त्यात पापुद्रा कापत नाहीत, वरचा पातळ थर तेवढा काढतात आणि तो परत येतो. पहिले तीन दिवस डोळे उघडवत नव्हते, आणि नीट स्वच्छ दिसायला महिना गेला. तरी मला तो सल्ला आजही पटतो.

बहिणीची जाडी उत्तम होती. पण कॉर्नियाच्या नकाशात, म्हणजे यंत्राने काढलेल्या तिच्या आकाराच्या चित्रात, खालचा भाग जास्त फुगीर दिसला. केराटोकोनसची, म्हणजे काच पातळ होऊन शंकूसारखी पुढे येण्याच्या विकाराची, शंका आली. ॲलर्जीमुळे ती लहानपणापासून डोळे चोळायची. अशा डोळ्यावर लेसर केलं तर कमकुवत काच आणखी वाकते. घरी येऊन ती रडली होती. मला मात्र त्या डॉक्टरांचे उपकार वाटतात. तुम्हीही हा नकाशा काढल्याशिवाय तारीख ठरवू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स आठवडा-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त दिवस बंद ठेवावी लागते, नाहीतर मापंच चुकतात. नंबर वर्षभर स्थिर हवा, हे तर पहिलं.

संगणकाचं काम आहे म्हणून कोरडेपणाबद्दल आग्रहाने सांगते. आत्ताच डोळे चुरचुरत असतील तर आधी त्यावर उपचार करा. लेसरमध्ये कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात आणि कोरडेपणा वाढतो. मला आठ महिने थेंब घालावे लागले. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसायची, ती हळूहळू विरली; काहींची राहतात. रात्री गाडी चालवणं हेच काम असेल तर याचा जास्त विचार करा.

चाळिशी मात्र लेसरने टळत नाही. आता बेचाळिसाव्या वर्षी मला वाचायला चष्मा लागतो. नंबर तसाच ठेवला असता तर चष्मा काढून जवळचं वाचता आलं असतं. शिवाय उणे नंबराचा डोळा लांब असतो, आणि नंबर गेला तरी ती लांबी तीच राहते. लांब डोळ्यात आतल्या पडद्यावर (रेटिनावर) ताण असतो, त्यामुळे त्याची तपासणी चालूच ठेवायची.

कॉर्निया पातळ निघाला तर डोळ्यात बसवायच्या लेन्सबद्दल, आयसीएलबद्दल, जरूर विचारा. आणि लेसर केलंत तर आधीची सगळी मापं, नकाशासकट, मागून घेऊन फाइलमध्ये ठेवा. पुढे मोतीबिंदूच्या वेळी लेन्सचा नंबर काढताना ती उपयोगी पडतात. माझी फाइल अजून कपाटात आहे.