काउंटरचा आकडा रोज बघू नका

तुमच्या वेबसाइटच्या सर्व्हरवरच्या नोंदी मोजणाऱ्या काउंटरवर ४० दिसले म्हणजे ४० माणसं आली असं नसतं. पानावर १० चित्रं असली की पहिल्या भेटीलाच सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, साधारण ११ नोंदी पडतात (पानाची एक, चित्रांच्या दहा). त्यात बॉट (आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्रॅम) आले, आणि पान नीट दिसतंय ना म्हणून तुम्हीच दहादा केलेलं रिफ्रेश. आधी लॉगमधून स्वतःचा आयपी, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता, गाळा (मोबाईल डेटावर तो बदलत राहतो, म्हणून तपासणी घरच्या वायफायवरूनच करा), मग गूगलबॉट, बिंगबॉटच्या ओळी. उरतील दोन-चार. हिरमुसू नका, नव्या साइटचा पत्ता अजून कुणाला ठाऊकच नसतो. गूगल सर्च कन्सोलमध्ये (तुमची साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं साधन) साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या आणि महिन्यातून एकदाच बघा, लोक कुठले शब्द शोधताना तुमचं पान दिसलं. पुढचा लेख त्याच शब्दांवर लिहा.