कुत्रा लंगडतोच आहे, आणि वर डॉक्टरांची नोटीस

प्रश्न : आमचा मोती पाच वर्षांचा लॅब्राडोर. गेले आठ महिने मागच्या डाव्या पायाने लंगडतो. जवळच्या खासगी दवाखान्यातले डॉक्टर कधी लचक म्हणाले, कधी संधिवात. इंजेक्शनं देत राहिले. त्यातली बरीचशी त्यांचा मदतनीस घरी येऊन देऊन गेला. एक्स-रे एकदाही काढला नाही. ३५ हजारांवर खर्च झाला. संतापून मी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, 'हा डॉक्टर नाही, कसाई आहे.' आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : १५ दिवसांत जाहीर माफी मागा, नाहीतर पाच लाखांचा दावा. डॉक्टरांवर पोलीस केस करता येईल का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, नोटिशीची मुदत चालू आहे, म्हणून आधी तिचंच बोलू. नोटीस म्हणजे खटला नव्हे, पण ती अनुत्तरित ठेवू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामी हा गुन्हा आहे, आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा होऊ शकतो. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य आणि सद्भावनेनं दिलेलं मत यांना त्याच कलमात संरक्षण आहे. 'आठ महिन्यांत एक्स-रे काढला नाही' ही वस्तुस्थिती आहे, ती कागदानं सिद्ध होईल. 'कसाई' ही शिवी आहे, तिचा बचाव अवघड. म्हणून त्या मेसेजचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि अ‍ॅडमिनला सांगून तो ग्रुपवरून काढून टाका. मग वकिलामार्फत मुदतीत उत्तर द्या : त्या एका शब्दाबद्दल खेद आहे, उपचारांबद्दलची तक्रार कायम आहे, आणि आमचे सर्व हक्क अबाधित आहेत. तोवर ग्रुपवर नवीन काही लिहू नका. घरच्या इतरांनाही हे सांगा.

पोलीस केसचा विचार सोडून द्या. जनावराला मारणं, विष घालणं किंवा अधू करणं यासाठी न्याय संहितेत कलम ३२५ आहे, पण तिथे नुकसान करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव दाखवावी लागते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांबद्दल ते दाखवता येणार नाही. माणसांच्या डॉक्टरांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं की फौजदारी कारवाईसाठी साधी चूक पुरत नाही, हलगर्जीपणा फार गंभीर असावा लागतो. ठाण्यात तुमचे हेलपाटे होतील आणि समोरच्यांना 'सूडाने तक्रार केली' म्हणायला जागा मिळेल.

तुमची खरी जागा जिल्हा ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेले उपचार ही सेवा आहे, आणि सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. उपचारांसाठी तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची, म्हणजे हाती वेळ आहे. या वेळेचा उपयोग मात्र तक्रार लिहिण्याआधी मोतीचं निदान करून घेण्यासाठी करा.

असं का, ते नीट सांगते. आज तुमच्याजवळ एवढंच आहे की कुत्रा लंगडतो आणि बरा झाला नाही. बरं न होणं हा कायद्यानं दोष नाही. निदान चुकणं हासुद्धा दर वेळी दोष ठरत नाही. दोष ठरतो तो निदानासाठी कुठल्याही सामान्य डॉक्टरने जे केलं असतं, ते न करण्यात. महिनोन्‌महिने लंगडणाऱ्या लॅब्राडोरचा एक्स-रे न काढणं हा तुमचा सर्वात भक्कम मुद्दा आहे, पण तो तेव्हाच भक्कम, जेव्हा खरा आजार कोणता आणि तो आधी कळला असता का, हे समजेल. या जातीत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. गुडघ्यातला अस्थिबंध (लिगामेंट) तुटलेला असू शकतो; तो एक्स-रेत थेट दिसत नाही, सांधा हातानं हलवून तपासावा लागतो, बहुधा गुंगी देऊन. गोचिडीच्या तापानेही सांधे धरतात, त्यासाठी रक्त तपासावं लागतं. आणि मागच्या पायात दिलेलं इंजेक्शन नसेला लागून पाय अधू होऊ शकतो. हाडाच्या गाठीची शंकाही डॉक्टरांनी तपासून दूर करायला हवी.

यातलं प्रत्येक कारण तुमची केस वेगळीकडे नेतं. इंजेक्शनमुळे झालं म्हणायचं, तर लंगडणं पहिल्या इंजेक्शनच्या आधीचं की नंतरचं, हा पहिला प्रश्न येईल. तुमच्या पत्रावरून ते आधीचं दिसतं. तसं असेल तर इंजेक्शनवर सगळा भार टाकू नका, तक्रारच कमकुवत होईल. फोनमध्ये मोतीचे जुने व्हिडिओ असतील ते तारखेसकट जपा, मूळ फोन विकू नका. आयोगापुढे ते मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, प्रमाणपत्र जोडावं लागेल.

इंदूरकरांना एक सोय आहे, जवळच्या महूचं पशुचिकित्सा महाविद्यालय. मोतीला तिथे न्या. सरकारी संस्थेच्या लेखी मताला वजन असतं आणि त्यांना या वादात पडायचं काही कारण नाही. तिथल्या डॉक्टरांना कोणाची चूक विचारू नका, ते उत्तर टाळतील आणि टाळणंच योग्य. त्यांच्याकडून दोनच गोष्टी लेखी घ्या : आजार कोणता, आणि तो साधारण किती जुना दिसतो. एक्स-रेच्या फिल्मवर मोतीचं नाव आणि तारीख आहे ना, तेवढं पाहा. दरम्यान माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याला अजिबात देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटावर आणि मूत्रपिंडावर उठतात.

आता मदतनिसाबद्दल. भारतीय पशुचिकित्सा परिषद कायदा, १९८४ प्रमाणे पशुवैद्यकी करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्यांना राज्य सरकारच्या परवानगीने किरकोळ कामं करता येतात, तीही नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणून डॉक्टरांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवा : मोतीच्या उपचारांची नोंद, दिलेल्या औषधांची नावं, इंजेक्शन कोणी दिलं आणि त्याचं शिक्षण काय. उत्तर आलं नाही तरी पाठवल्याची पावती उपयोगी पडते. डॉक्टरांची नोंदणी राज्य पशुचिकित्सा परिषदेकडे पडताळता येते, आणि व्यावसायिक आचरणाची तक्रारही तिथेच करायची. पैशांचा पुरावा यूपीआयच्या नोंदीत सापडेल. रोख दिलेल्या रकमांची तारीखवार यादी आठवून आजच लिहून ठेवा.

समोरून काय म्हटलं जाईल, तेही ऐका. 'औषधं मध्येच सोडली', 'वजन वाढू दिलं', 'जिने चढवत राहिले'. यातलं काही खरं असेल तर तुमच्या वकिलापासून लपवू नका.

भरपाई म्हणून उपचारांचा खर्च, मनस्तापाबद्दल काही रक्कम आणि तक्रारीचा खर्च मागता येतो. कायदा कुत्र्याकडे अजून मालमत्ता म्हणूनच पाहतो, त्यामुळे लाखांच्या आशेवर बसू नका. मोती तुमच्या घरात काय आहे, ते मला पत्रातून कळलं. आयोगाला ते मनस्तापाच्या मुद्द्यात, साध्या शब्दांत सांगा.

नोटिशीच्या उत्तरानंतर डॉक्टर कदाचित तडजोडीला तयार होतील, थोडे पैसे परत देतो म्हणतील. ते वाईट नाही, पण महूचा अहवाल हाती येईपर्यंत 'आमची कोणतीही तक्रार उरली नाही' अशा कागदावर सही करू नका.