दोंडाईच्याची जाळी मला घानात भेटली

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एमएस होऊन तीन वर्षं झाली, नाशकात नोकरी आहे, पंधरा दिवसांची रजा मिळते आहे आणि आफ्रिकेत जाऊन गरिबांची ऑपरेशनं करायची इच्छा आहे. कसं जायचं, सोबत काय न्यायचं आणि "मोठ्या केसेसवर हात साफ करता येईल का" असं विचारलंत. शेवटचं आधी घेतो, कारण तो प्रश्न माझ्याही मनात होता. तुमच्याइतक्या उघडपणे विचारायची हिंमत नव्हती, इतकंच.

उत्तर: नाही. जे ऑपरेशन इथे एकट्याने करायला तुम्हाला कोणी देत नाही, ते तिथेही करायचं नाही. इथे काही बिघडलं तर वरचे सर आहेत, आयसीयू आहे, रक्तपेढी आहे. तिथे तुम्ही पंधराव्या दिवशी विमानात बसणार आणि पेशंट तिथेच राहणार.

मी धुळे जिल्ह्यात तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल चालवतो. 2010 पासून चार वेळा पश्चिम घानात गेलो, चारही वेळा हर्नियासाठी, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडं बाहेर येतं त्यासाठी. टाकोराडीच्या बाजूला हे काम आधीपासून रुजलेलं होतं. अँड्र्यू किंग्जनॉर्थ या ब्रिटिश सर्जननी 2005 मध्ये 'ऑपरेशन हर्निया' सुरू केलं, तेव्हापासून युरोपातले सर्जन स्वखर्चाने तिथे जात आले आहेत. मी गेलो तो गट वेगळा, पण रीत तीच. तिकीट आपलं, राहायची सोय त्यांची, सकाळी आठला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) शिरायचं ते अंधार पडल्यावर बाहेर.

हर्निया म्हटल्यावर नाक मुरडलं असेल तर थांबा. माझ्या पहिल्या यादीतला दुसरा पेशंट कोकोच्या मळ्यात राबणारा, चाळिशीतला. हर्निया खाली उतरून मांडीच्या मध्यापर्यंत लोंबत होता, बारा वर्षांपासून. टेबलावर चढताना त्याने तो तळहातावर उचलून धरला, झोपलेलं पोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावं तसं, न बघता, सवयीने. पोती उचलणं बंद म्हणजे मजुरी बंद. आणि आतडं अडकून पिळलं तर सर्जन असलेलं हॉस्पिटल कित्येक तासांवर, तेही गाडी मिळाली तर. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2015 च्या आयोगाने मांडलं की जगातल्या 5 अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही. तो आकडा वाचताना मला हा माणूस दिसतो.

आता जाळीची गोष्ट, जी सांगताना आजही कान तापतात. पहिल्या खेपेला मी ओळखीच्या एमआर लोकांच्या (कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या) मागे लागून कंपनीच्या चौदा जाळ्या जमवल्या होत्या, हर्निया परत येऊ नये म्हणून त्या जागी शिवतात त्या. तिसऱ्या दिवशी त्या संपल्या. आमच्यातले ज्येष्ठ ब्रिटिश सर्जन शांतपणे कपाटाकडे गेले, ऑटोक्लेव्ह केलेलं (वाफेने निर्जंतुक केलेलं) एक पाकीट काढलं आणि म्हणाले, "आता तुमची भारतीय जाळी." आत मच्छरदाणीच्या कापडाचे कापलेले तुकडे. मग त्यांनी मला टोणगावकरांचं नाव सांगितलं. उच्चार पार मोडलेला होता, पण 'दोंडाईचा' मात्र मला लगेच कळलं, कारण ते माझ्या घरापासून तासाभरावर आहे.

डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी दोंडाईच्यात मच्छरदाणीचं कापड हर्नियासाठी वापरलं आणि 2003 मध्ये त्यावरचा निबंध इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत छापून आला. एका परिषदेत मी त्यांना हेच सांगताना ऐकलं होतं. मागच्या रांगेत बसून शेजाऱ्याला कोपर मारत म्हणालो होतो, "मच्छरदाणी पोटात घालायची म्हणे." ते हसू मला टाकोराडीत परत मिळालं. पुढे 2016 मध्ये युगांडातली चाचणी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. 302 पेशंट, निम्म्यांना महागडी कंपनीची जाळी, निम्म्यांना मच्छरदाणीची. वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरकच नव्हता. कंपनीच्या जाळीचा खर्च शंभर डॉलरच्या पुढे, हिचा एका डॉलरच्या आत.

हे वाचून लगेच बाजारातून मच्छरदाणी आणू नका. औषध लावलेली अजिबात चालत नाही. कापड कशाचं विणलंय ते ठाऊक असावं लागतं, धुऊन 15 बाय 7.5 सेंटिमीटरचे तुकडे कापावे लागतात, आणि ऑटोक्लेव्ह 121 अंशांवरच. दुसऱ्या खेपेला एका नव्या सिस्टरने नेहमीच्या सवयीने 134 वर लावलं. पाकीट उघडलं तर तुकडे भाजलेल्या पापडासारखे आकसलेले. त्या दिवशीची सकाळ नवे तुकडे कापण्यात गेली. कात्री मी धरली, कारण चूक तिची नव्हती. ऑटोक्लेव्हवर चिठ्ठी लावायला मी विसरलो होतो.

आता मुद्द्याचं. पहिल्या खेपेला नऊ दिवसांत मी 43 हर्निया केले. घरी आल्यावर रोटरीत सत्कार झाला, शाल-श्रीफळ, सगळं. त्या नऊ दिवसांत तिथला एमओ (मेडिकल ऑफिसर, सर्जन नसलेला डॉक्टर), तिशीतला हुशार मुलगा, माझ्यासमोर उभा राहून रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरत होता. मी निघालो त्या संध्याकाळी कोकोवाल्याच्या जागेत रक्त साठून सूज आली. मी विमानतळावर आणि तो मुलगा फोनवर. टाके कुठले उघडायचे, गाठी कशा काढायच्या, ड्रेन कुठून, हे मी अक्राच्या गेटवर ओरडून सांगत होतो आणि आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघत होते. त्याने निभावलं. पेशंट सुधारला.

पुढच्या वर्षी गेल्यावर सहज विचारलं, वर्षभरात किती केलेस? त्याने वही दाखवली. तातडीचे सोडले तर एकही नाही. पानांमागून पानं नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एकच शेरा: पाहुणे येईपर्यंत थांबवणे. लोक दुखणं घेऊन येत होते आणि त्यांना आमची वाट बघायला सांगितलं जात होतं. आमच्या येण्याने तिथलं काम वाढलं नव्हतं, उलट अकरा महिने थांबलं होतं.

त्या खेपेला मी रिट्रॅक्टर धरला. पहिले दोन दिवस मी बोलत होतो आणि तो करत होता. लोकलचं (जागा बधिर करायच्या औषधाचं) मोजमाप वजनावरून आधी कागदावर, मग सिरिंजमध्ये. नस ओळखून बाजूला, हर्नियाची पिशवी सोडवणं, जाळी प्युबिक ट्युबरकलच्या (जांघेतल्या हाडाच्या उंचवट्याच्या) पुढे थोडी सरकवून पहिला टाका. सगळं आपल्या रेसिडेन्सीत चालतं तसंच, फक्त खेकसणं वजा. दिवसाला जेमतेम तीन केसेस व्हायच्या. आमच्या गटाच्या आयोजकांना ते रुचलं नाही, देणगीदारांना आकडा दाखवायचा होता. त्यांची आणि माझी चांगलीच खडाजंगी झाली. सहाव्या दिवशी त्या मुलाने एक साधा हर्निया एकट्याने केला आणि मी हातमोजे घालून कोपऱ्यात स्टुलावर बसलो होतो. आमच्या धंद्यात नुसतं बसून राहण्याएवढं अवघड काम नाही.

एमओकडून हे करून घेणं धोक्याचं नाही का, असं तुम्ही विचाराल. 2019 मध्ये घानातलाच अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण घेतलेल्या, सर्जन नसलेल्या डॉक्टरांनी केलेले हर्निया वर्षभरानंतर सर्जननी केलेल्यांपेक्षा वाईट ठरले नाहीत. याहून लांबचं उदाहरण इथिओपियाचं. ऑस्ट्रेलियाच्या कॅथरीन हॅमलिन आणि त्यांचे पती रेजिनाल्ड 1959 मध्ये तीन वर्षांच्या करारावर आदिस अबाबाला सुईणींना शिकवायला गेले, आणि कॅथरीनबाई 2020 मध्ये तिथेच वारल्या. बाळंतपणात अडून फिस्टुला (आत छिद्र पडून लघवी सतत गळत राहणं) झालेल्या बायकांसाठी त्यांनी 1974 मध्ये हॉस्पिटल काढलं. तिथली एक पेशंट मामितू गाशे, शाळेचं तोंड न पाहिलेली, आधी वॉर्डात मदत करत, मग ओटीत हात पुढे करत स्वतः फिस्टुलाची नावाजलेली सर्जन झाली. पंधरा दिवसांत तुमच्याकडून मामितू घडणार नाही. पण ओटीत तुमच्या समोर कोण उभं आहे, त्याचं नाव पहिल्या दिवशी विचारा.

आपण या गोष्टीच्या दुसऱ्या टोकालाही राहिलो आहोत, हे विसरू नका. पंढरपूरचे डॉ. शरदकुमार दीक्षित न्यूयॉर्कला राहून वर्षानुवर्षं इथे येत, दुभंगलेले ओठ आणि पापण्या फुकट नीट करून देत. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसूनही त्यांनी ते सोडलं नाही. त्या शिबिरांत टाके काढायला, ड्रेसिंगला मागे कोण राहायचं, ते गावोगावच्या डॉक्टरांना विचारा.

म्हणून माझा आग्रह असा की आधी एक शिबिर घराजवळ करा. शोधग्रामला, हेमलकशाला, मेळघाटात बाहेरून सर्जन जातात. कॉटरी (रक्त थांबवायचं विजेचं यंत्र) मध्येच बंद पडल्यावर तुमचे हात काय करतात, हे तिकिटाचे पैसे घालण्याआधी कळलेलं बरं. घानात वीज जाते त्याला ते 'डुमसोर' म्हणतात, म्हणजे गेली-आली. खानदेशातल्या माणसाला वेगळं समजावावं लागत नाही.

बाकी कोरडी माहिती. एमएमसीकडून (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून) गुड स्टँडिंग सर्टिफिकेट काढा, त्यावर तिथल्या मेडिकल अँड डेंटल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी होते. तिला वेळ लागतो आणि तिच्याशिवाय चाकूला हात लावायचा नाही, आयोजक "चालतं हो" म्हणाले तरी. स्वतःच्या मापाचे हातमोजे भरपूर न्या, एचआयव्ही पीईपीची (सुई टोचली तर लागण टाळायच्या) गोळ्यांची पाकिटं जवळ ठेवा, मलेरियाच्या गोळ्या चुकवू नका. तिथले प्लग इंग्लंडसारखे चौकोनी पिनांचे, अडॅप्टर हवा. शाकाहारी असाल तर 'रेड-रेड' मागा. पामतेलातली चवळीची उसळ आणि तळलेलं केळं, फक्त त्यात मासळी नाही ना ते विचारून घ्या. पेशंटचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

आणि यलो फीव्हरची लस निघण्याआधी किमान दहा दिवस, मान्यताप्राप्त केंद्रातच. ते पिवळं कार्ड तिथे उतरतानाही बघतात आणि परत येताना मुंबईलाही. नसेल तर विलगीकरणात ठेवतात आणि तुमची रजा तिथेच संपते. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक आहे ना, तेवढं आजच बघा.