दीड वर्षाचे मूल फारसे बोलत नाही. काळजी करावी का?

आपला मुलगा १८ महिन्यांचा झाला तरी ‘आई’, ‘बाबा’ आणि ‘भूभू’ एवढेच बोलतो, आणि शेजारची त्याच्याच वयाची मुलगी वाक्ये बोलते म्हणून आपल्याला झोप लागत नाही, असे आपण लिहिले आहे. माझी मुलगी या वयाची असताना मीही याच काळजीत होते.

बहुतेक मुले वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द बोलतात आणि दोन वर्षांची होईपर्यंत सुमारे ५० शब्दांपर्यंत पोहोचून ‘बाबा ये’, ‘दूध दे’ अशी जोडणी करू लागतात. मधल्या काळात मात्र मुलामुलांत फार फरक असतो. शिवाय मोजण्यात आपलीच चूक होते. ‘मंमं’, ‘भूर’, ‘हम्मा’ यांना आपण शब्द मानत नाही. पण मूल ठरावीक गोष्टीसाठी दर वेळी तोच आवाज काढत असेल, तर तो शब्दच होय. मी कागद घेऊन लिहायला बसले, तेव्हा चार शब्दांचे अकरा झाले. आमच्या घरी मराठी आणि पाळणाघरात हिंदी होती, म्हणून ‘एक भाषा बंद करा’ असा सल्लाही मिळाला. तो आम्ही मानला नाही, कारण दोन भाषांमुळे बोलणे खोळंबत नाही; दोन्हींतले शब्द एकत्र मोजायचे असतात.

शब्दांच्या संख्येपेक्षा समज अधिक सांगून जाते. हाक मारल्यावर तो वळतो का, हातवारे न करता ‘चप्पल आण’ म्हटले तर आणतो का, आणि केवळ हवे ते मागण्यासाठी नव्हे, तर कावळा किंवा चंद्र आपल्याला दाखवावा म्हणून बोट करतो का, हे पाहा. हे सारे होत असेल, तर बराच धीर धरता येतो. होत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीवर एक महिनाही घालवू नये.

घरी त्याला ‘बोल ना, हे काय?’ असे सारखे विचारू नका. तो ‘भूभू’ म्हणाला, की ‘हो, भूभू पळाला’ म्हणावे आणि थांबून त्याला वेळ द्यावा. मोबाईल मात्र दूर ठेवावा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही दोन वर्षांखालील मुलांना, अधूनमधून नातेवाइकांशी होणारा व्हिडिओ कॉल सोडल्यास, पडदा दाखवू नये असेच सांगितले आहे. वेखंड उगाळून चाटवण्याने बोलणे येत नाही, तेव्हा तो आग्रह नम्रपणे टाळावा.

तरीही श्रवणतपासणी याच महिन्यात करून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. दार आपटल्यावर दचकणाऱ्या मुलालाही हळू आवाज ऐकू येत नसतील, आणि वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकते. मुंबईत वांद्र्याच्या ‘अली यावर जंग’ या वाचा व श्रवणदोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत ही तपासणी होते. इतरत्र अंगणवाडीत मुलांची आरोग्यतपासणी करायला येणाऱ्या सरकारी बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला विचारल्यास ते पुढे कोठे जायचे हे सांगतात.