ट्रॉली ओढायला जुनी फोर बाय फोर कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात जनरेटर भाड्यानं देता, ट्रॉली महिन्यातून आठ-दहा वेळा पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडं ओढून न्यावी लागते, पावसाळ्यात लॉनवर आणि शेतात चाकं रुततात, म्हणून जुनी फोर बाय फोर, म्हणजे इंजिनचा जोर चारही चाकांना देणारी गाडी घ्यायची आहे. कोणती दगा देणार नाही?

मीही याच धंद्यातला. आत्तापर्यंत तीन गाड्यांना ट्रॉली जोडली, त्यातली पहिली सपशेल चुकली. म्हणून गाडीच्या नावाआधी दुसरं विचारतो. ट्रॉलीचं वजन केलंय का? तुम्ही "टनाच्या आत असेल" असं लिहिलंय. मीही सगळ्यांना तेच सांगायचो. मग एकदा उसाचा हंगाम संपल्यावर वजनकाटा रिकामा दिसला म्हणून सहज ट्रॉली चढवली. पावती आली १,४६० किलोची. जनरेटरच्या पाटीवर नुसत्या मशीनचं वजन असतं. टाकीतलं डिझेल, केबलची भेंडोळी, हत्यारांची पेटी आणि उद्यमनगरात हौसेनं जाड अँगल लावून बनवलेला सांगाडा यांचं वजन कोण धरतो? आपल्याकडं वजनकाट्यांना तोटा नाही. आधी पावती घ्या.

पहिली गाडी हलकी पेट्रोल जीप होती. चढाला रडायची, पण चढायची. फजिती झाली ती करूळ घाट उतरताना. ट्रॉलीला ब्रेक नव्हते आणि मी तिसऱ्या गिअरवर ब्रेक दाबत दाबत निघालो होतो. अर्ध्या घाटात करपल्याचा वास आला आणि पेडल मऊ पडलं. पहिल्या गिअरवर आणून कशीबशी कडेला घेतली. पुढच्या चाकाच्या ड्रममधून धूर येत होता. माझा पोरगा बाटलीतलं पाणी ओतायला निघाला, त्याला ओरडून थांबवलं, कारण तापलेला ड्रम पाण्यानं तडकतो. पाऊण तास बसून राहिलो. त्या दिवसापासून माझ्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक आहेत, ओव्हररन प्रकारचे. गाडीचा वेग कमी झाला की मागची ट्रॉली पुढं ढकलते आणि त्याच ढकलीवर तिचे ब्रेक लागतात. ऑस्ट्रेलियाचे व्हिडिओ बघून "ही गाडी साडेतीन टन ओढते" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तिथं ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत आणि तो साडेतीन टनांचा आकडा ब्रेकवाल्या ट्रेलरचा आहे, हे ते सांगत नाहीत.

फोर बाय फोरबद्दलही एक गैरसमज काढून टाका. डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढायला तिचा काही उपयोग नाही. उलट पार्ट-टाइम फोर बाय फोर (गरजेपुरतीच पुढची चाकं जोडायची असते ती) कोरड्या रस्त्यावर लावून फिरवली तर वळणावर गाडी अडखळते, टायर घासतात आणि ट्रान्सफर केसवर (जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. ती लागते शेवटच्या शंभर-दोनशे मीटरला, चिखलात. आणि तिथंही जास्त कामाचा असतो तो लो रेंज, म्हणजे ४एल: वेग कमी, जोर जास्त. ट्रॉली मागं घेऊन चढावर उभं राहिलात आणि हळू सुटायचं असलं, तर ४एलमध्ये क्लच जळत नाही. म्हणून डस्टर किंवा एक्सयूव्ही ५०० च्या ऑल व्हील ड्राइव्हच्या मागं लागू नका. गाड्या चांगल्या, पण त्यांत लो रेंज नाही आणि खाली शिडीसारखी वेगळी चेसिसही नाही.

आता नावं. जिप्सीचा नाद सोडा. डोंगरात ती बकरीसारखी चढते, पण टॉर्क, म्हणजे इंजिनचा ओढायचा जोर, १०३ न्यूटन मीटर आणि स्वतःचं वजन टनाच्या आत. आपल्यापेक्षा जड ट्रॉली मागं लावली की घाटात कोण कुणाला नेतंय तेच कळत नाही. जुनी थार सीआरडीई (२४७ न्यूटन मीटर) ताकदीनं पुरते, पण तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, फक्त २,४३० मिलिमीटर. गाडी आखूड असली की ट्रॉलीनं शेपटी हलवली तर गाडीही हलते. माझी पहिली पसंती २०१४ नंतरची स्कॉर्पिओ फोर बाय फोर. २,६८० चा व्हीलबेस, एमहॉक इंजिन, आणि गगनबावड्यात बंद पडली तरी तिथला फिटर हात लावायला घाबरत नाही. मागं कॉइल स्प्रिंग आहेत, त्यामुळं जड ट्रॉलीनं ढुंगण बसतं आणि हेडलाइट आभाळाकडं बघतात, एवढी खोड आहे. इसुझू व्ही-क्रॉस ओढायला हिच्यापेक्षाही स्थिर, कारण मागं पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) आणि ३,०९५ चा व्हीलबेस. पार्ट मात्र प्रत्येक गल्लीत मिळत नाहीत आणि लॉनच्या अरुंद गेटातून वळवताना घाम फुटतो. एन्डेव्हर ३.२ ताकदीला तोड नाही, पण फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. रोजच्या धंद्याला मी ती घेणार नाही. कोणतीही घ्या, पुस्तिकेत टोइंगचा आकडा दिला असेल तर तो ओलांडायचा नाही.

आमचा फिटर म्हणतो, "मालक, गाडी पळवून बघू नका, खाली झोपून बघा." स्कॉर्पिओच्या मागं '४x४'चं स्टिकर असतं आणि खाली झोपून बघितलं तर पुढच्या चाकांना जोर देणारं डिफरन्शियलच नसतं! हे मी स्वतः दोनदा पाहिलंय. मागचा क्रॉस मेंबर (चेसिसची आडवी पट्टी), हुक बसवलेल्या भोकांच्या कडा, वेल्डिंगचे तुकडे, तडे नीट बघा. चेसिसला ताजा काळा रंग दिसला तर तो का मारला ते विचारा. एमएच ०७, ०८ किंवा गोव्याची गाडी असेल तर हातोडीनं हळू ठोकत जा. खाऱ्या हवेनं आतून पोखरलेल्या पत्र्याचा आवाज वेगळा येतो.

आपल्याकडं आणखी एक भानगड म्हणजे पूर. २०१९ आणि २०२१ ला पाण्यात बसलेल्या गाड्या धुऊन-पुसून विकायला आल्या होत्या. मी अशीच एक घेता घेता वाचलो. आतून चकाचक, नवे सीट कव्हर, अत्तराचा वास. पण मागचा सीटबेल्ट पूर्ण ओढला तर शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाची रेघ होती. मग डिफरन्शियलचं बूच काढायला लावलं. तेल चहासारखं दुधाळ निघालं. एजंट म्हणाला, "तेल बदललं की झालं." मी गाडीवरून हात काढला.

दिल्लीची दहा वर्षांची डिझेल गाडी स्वस्त वाटते, कारण तिथं अशा गाड्यांवर २०१५ पासून बंदीचे आदेश आले होते. तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इथला रोड टॅक्स आणि पुन्हा नोंदणीचा खर्च धरून मगच स्वस्त म्हणा. आरसी बुकावरचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाचा बोजा, उतरलंय का तेही बघा. ट्रॉलीलाही कायद्यानं स्वतःची नोंदणी लागते, त्याबद्दल आरटीओत विचारून घ्या.

टेस्ट ड्राइव्हला हायवेवर जाऊ नका. तालमीतली सात पोरं भरा आणि पन्हाळ्याचा चढ चढवा. वर नेऊन त्यांना काहीतरी खायला घालावं लागतं, पण एवढ्या वजनात गाडी काही लपवू शकत नाही. चौथ्या गिअरला चाळीसच्या वेगानं पेडल पूर्ण दाबा. इंजिन ओरडलं आणि वेग वाढला नाही, तर क्लच गेला. वर पोचल्यावर इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. धुराचा लोट आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिनातला दाब पिस्टनजवळून खाली गळतोय, तिथूनच परत फिरा. तापमानाचा काटा मध्यावरून हलला असेल तर रेडिएटरचं काम आहे. शेवटी मातीच्या मैदानात ४एच (चारही चाकं, पण नेहमीचा वेग) आणि ४एल दोन्ही टाकून, हळू चालवत पूर्ण वळण घ्या. डॅशबोर्डवर दिवा लागला म्हणजे पुढची चाकं ओढतायत असं समजू नका. चारही टायर एकाच मापाचे हवेत.

बजेटमधले लाखभर रुपये बाजूला ठेवा. क्लच, सगळी तेलं, ब्रेक लायनर आणि हुक त्यातच करून घ्या. हुक चेसिसला ८.८ ग्रेडच्या (जास्त ताकदीच्या) बोल्टनं बसवायचा, बंपरला नाही, आणि सोबत दोन साखळ्या. जनरेटर ट्रॉलीवर थोडा पुढं सरकवा, म्हणजे एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकावर येईल.

काट्याची पावती मिळाली की आकडा इथंच टाका. दीड टनाच्या वर निघाला तर स्कॉर्पिओबद्दल मी पुन्हा विचार करीन.