'साल्वे रेजिना'ला स्तोत्र म्हणावे का?

विचारणा अशी आहे : धर्मभगिनींच्या एका संघासाठी 'साल्वे रेजिना' या जुन्या लॅटिन मरियागीतावर मराठी पुस्तिका तयार होते आहे. पहिल्याच पानावर वाक्य आहे, 'पारंपरिक स्तोत्र आजच्या कॅथलिक धार्मिक समुदायाला प्रेरित करू शकते.' हे मराठी बरोबर आहे का? 'स्तोत्र' इथे चालेल का?

व्याकरण बिनचूक आहे. पण वाक्यातले तिन्ही महत्त्वाचे शब्द वाचकाला भलतीकडे नेतात.

आधी 'स्तोत्र'. रामरक्षा म्हणणाऱ्या मराठी माणसाला स्तोत्र म्हणजे देवाची पद्यस्तुती. ख्रिस्ती मराठीत मात्र या शब्दाला ठरलेले काम आहे : बायबलमधल्या 'स्तोत्रसंहिता' या पुस्तकातल्या १५० रचनांपैकी एक. इफिसकरांस पत्रात (५:१९) 'स्तोत्रे, गीते व आध्यात्मिक प्रबंध' असा क्रम येतो. म्हणजे मराठी अनुवादकांनी स्तोत्र आणि गीत हा भेद फार पूर्वीच केलेला आहे आणि तो जपण्यासारखा आहे. 'साल्वे रेजिना' बायबलमध्ये नाही. ती अकराव्या शतकातली रचना मानली जाते. राइखेनाउचा मठवासी हर्मान (१०१३–१०५४) याच्या नावावर ती घालतात, पण कर्तृत्व पक्के नाही. तिला स्तोत्र म्हटले, तर धर्मभगिनी स्तोत्रसंहितेत तिचा क्रमांक शोधू लागतील.

मठात झोपण्यापूर्वी होणाऱ्या प्रार्थनेचा, कॉम्प्लिनचा, क्रम पाहिला की हे प्रकार आपोआप वेगळे होतात. दिवसाची आत्मपरीक्षा झाली की 'ते लुचिस' हे गीत येते. चार-चार ओळींची कडवी, ओळ आठ अक्षरांची. हा साचा चौथ्या शतकातल्या मिलानच्या संत अँब्रोजचा. संत बेनेडिक्टच्या नियमावलीत अशा गीताला चक्क 'अँब्रोजियानुम' म्हटले आहे. (आपल्या लहान अभंगाचा चरणही आठच अक्षरांचा असतो. कडव्यांचे लॅटिन गीत मराठीत आणणाऱ्याने हा आयता साचा जरूर वापरून पाहावा, ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग किती सहज वाकवला ते समोर आहेच.) मग स्तोत्र, रविवारी ९१ वे. स्तोत्राच्या आधी आणि शेवटी एक छोटी ओळ गातात, ती अँटिफन. पुढे छोटे वाचन आणि प्रतिसाद. मग लूकच्या शुभवर्तमानातले शिमोनाचे गान (२:२९–३२). शेवटची प्रार्थना आणि आशीर्वाद झाल्यावर, अगदी अखेरीस, 'साल्वे रेजिना'.

लॅटिन पुस्तकांत 'साल्वे'लाही अँटिफनच म्हणतात. तिला कोणतेही स्तोत्र जोडलेले नाही, ती एकटी उभी असते, तरी जुने नाव टिकून राहिले. म्हणून 'अँटिफन'ला 'पालुपद' किंवा 'ध्रुपद' म्हणणे इथे चुकीचे ठरेल, कारण पालुपद फिरून फिरून येते आणि ही रचना एकदाच गायली जाते. माझी शिफारस : शीर्षकात 'मरियागीत' लिहावे आणि पहिल्या उल्लेखाशी 'मरियेच्या चार अँटिफनांपैकी एक' एवढा खुलासा द्यावा. 'अँटिफन' परका वाटेल, पण गोव्यातल्या घराघरांत पोर्तुगीज शब्दावरून आलेली 'लदीन' (विनवण्यांची प्रार्थना) रुळली, तसा हाही रुळेल. उरलेल्या तीन म्हणजे 'आल्मा रेदेम्प्तोरिस मातेर', 'आवे रेजिना चेलोरुम' आणि 'रेजिना चेली'. जुन्या रीतीत 'साल्वे' त्रैक्याच्या रविवारापासून (ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी येणारा) आगमनकाळापर्यंत (नाताळाआधीचे आठवडे) गात. आता निवड मोकळी आहे, पण पास्काकाळात (ईस्टरनंतरचे आठवडे) 'रेजिना चेली'च घ्यायची. पुस्तिकेत 'वर्षभर रोज' असे छापू नका.

'धार्मिक समुदाय' याने सर्वांत जास्त घोटाळा होईल. वृत्तपत्रांनी हा शब्द 'अल्पसंख्याक धार्मिक समुदाय' अशा अर्थी रूढ केला आहे, त्यामुळे वाचक सगळ्या कॅथलिक लोकांचा विचार करील. इथे अभिप्रेत आहेत दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रते जाहीरपणे घेऊन एकत्र राहणारे लोक. त्यांच्यासाठी 'व्रतस्थ' हा नेमका शब्द आहे. सगळी संघटना म्हणायची असेल तर 'धर्मसंघ', एका घरात राहणाऱ्या म्हणायच्या असतील तर 'व्रतस्थ समुदाय'. 'कॉन्व्हेंट' टाळा. मराठी कानाला ती इंग्रजी शाळा वाटते.

'प्रेरित करणे' थोडक्यात : ख्रिस्ती मराठीत 'परमेश्वरप्रेरित' हे विशेषण शास्त्रलेखाला लागते (२ तीमथ्य ३:१६). गीताबद्दल बोलताना 'बळ देते' किंवा 'उभारी देते' म्हणा. शिवाय ते बळ कसे मिळते हे पुस्तिकेने सांगायलाच हवे, नाहीतर वाक्य पोकळ राहते. डोमिनिकन धर्मसंघाचे बंधू तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून कॉम्प्लिननंतर हे गीत मिरवणुकीने गातात, तेव्हा त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. बंधू मृत्युशय्येवर असेल तर त्याच्याभोवती जमून हेच गातात. रोज रात्री जे तोंडी म्हटले, तेच शेवटच्या रात्री कानावर पडते. सिस्टर्शियन मठांत त्या वेळी दिवे मालवतात आणि मरियेच्या प्रतिमेजवळ तेवढा उजेड ठेवतात. पुस्तक दिसत नाही, म्हणून पाठ असावेच लागते, आणि पाठ असलेले गाणे नजर मंदावलेल्या वृद्ध भगिनीलाही गाता येते. भारतातल्या एकाच मठात मल्याळम, कोकणी, मराठी आणि सादरी बोलणाऱ्या भगिनी असू शकतात, तिथे लॅटिन पाठ सगळ्यांना सारखाच जवळचा किंवा दूरचा पडतो. पोप पॉल सहावे यांनी १९७४ साली सर्वांना यावीत अशा सोप्या लॅटिन गायनाची 'युबिलाते देओ' ही पुस्तिका काढली, तिच्यात 'साल्वे' आहे.

चालीबद्दलही लिहा. दोन चाली प्रचलित आहेत. साध्या चालीची सुरुवात सा ग प ध प, बिलावल थाटासारखी. गंभीर चाल लॅटिन चर्चगायनाच्या पहिल्या मोडमधली (मोड म्हणजे थाटासारखी स्वरांची मांडणी), म्हणजे काफी थाटाच्या स्वरांची. तिची सुरुवात प म प सा. नवख्या समुदायाने साधी चाल घ्यावी. या चर्चगायनाच्या स्वरलेखनात पट्टी ठरलेली नसते, आपल्या सारखीच ती गाणाऱ्याने ठरवायची. पेटीवर पांढरी एक किंवा पांढरी दोनला सा धरला तर साधी चाल बहुतेकांना पेलते. त्याहून चढी पट्टी घेतली की तार सा ओरडून गाठावा लागतो आणि अर्धा समुदाय गप्प होतो. एकीने 'साल्वे' उचलावे, 'रेजिना'पासून सगळ्यांनी यावे.

मराठी शब्द त्याच चालीत बसवताना हमखास फसते ते वाक्याच्या शेवटी. आपले क्रियापद शेवटी येते, त्यामुळे विसाव्याचे लांब स्वर 'आहे' आणि 'आहोत' वर पडतात. संबोधने सुटी ठेवा, 'आहे' गाळा, क्रियापद आधी आणा : 'हाक मारतो तुला आम्ही, हव्वेची लेकरे'. लांबवायच्या जागी आ किंवा ई असावी. गीतात मरियेला म्हटलेल्या 'आद्वोकाता' (बाजू मांडणारी) या शब्दाला 'कैवारी' योग्यच आहे, कारण १ योहान २:१ मध्ये लॅटिनचा तोच शब्द ख्रिस्तासाठी येतो आणि मराठीत तिथे 'कैवारी' आहे. पण मराठी बायबलने योहान १४:१६ मध्ये पवित्र आत्म्यालाही 'कैवारी' म्हटले आहे, लॅटिनमध्ये तिथे वेगळा शब्द आहे. म्हणून नुसते 'कैवारी' न ठेवता 'आमची कैवारी माउली' म्हणावे, म्हणजे कोणाला हाक मारली याबद्दल शंका उरत नाही.

पहिल्या पानावरचे वाक्य मी असे करीन : 'साल्वे रेजिना हे जुने मरियागीत रात्रीच्या प्रार्थनेअखेर एकत्र गायल्याने व्रतस्थ समुदायाला आजही बळ मिळते.'