आधी विचारून घे, मग शिकव

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदवलंस, फार बरं वाटलं. दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर, हे सगळं होऊन जातं. वस्तीत कसं वागायचं, ते मात्र शिकावं लागतं.

आपलं इंदूर 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिलं आलंय, ते या वस्त्यांमधल्या बायकांच्याच हातांनी. तरी मी पहिल्या रविवारी त्यांना ओला-सुका कचरा समजवायला गेले. एका मावशींनी आपले वेगवेगळे डबे दाखवले आणि म्हणाल्या, "हे रोजचंच आहे गं. नातीला गणित शिकवशील?"

नात भागाकारात अडकली होती. खरी अडचण निघाली वजाबाकीत, म्हणून महिनाभर मागे जावं लागलं. मी मराठीतून विचार करणारी, ती माळवी बोलणारी. 'भाग' म्हटलं की गोंधळायची, हिंदीतलं 'बाँटना' म्हटल्यावर चिंचोके घेऊन स्वतःच वाटायला बसली. तिचा तो चेहरा अजून आठवतो.

तू वार आणि वेळ एकच ठेव. परीक्षेमुळे येणार नसशील तर आदल्या आठवड्यात सांग. मुलं दारात वाट बघतात. आणि मुलांचे फोटो काढू नकोस.